ओळंब्याच्या पुढे गेलेला कान

आधीच सांगतो, मला काहीही दुखत नव्हतं. मान नाही, पाठ नाही, कंबर तर अजिबात नाही. पण कोणीतरी माझा बाजूने फोटो काढला आणि त्यात माझं डोकं धडाच्या बरंच आधी पोचलेलं दिसलं. त्यावर घरात एकमताने ठराव पास झाला, की हा पोक काढून चालतो, याला फिजिओकडे न्या.

फिजिओबाईंनी मला बाजूने उभं केलं आणि चक्क ओळंबा सोडला, हो, गवंडी भिंतीला लावतो तोच. दोरी कानाच्या पाळीवरून, खांद्याच्या मधून, खुब्याच्या सांध्याच्या किंचित मागून आणि गुडघा-घोट्याच्या किंचित पुढून गेली की माणूस सरळ. माझा कान केव्हाच दोरी ओलांडून पुढे निघून गेलेला.

"दुखतं कुठे?"
"कुठेच नाही."

हे ऐकून बाई जरा हिरमुसल्या, पण लगेच सावरून म्हणाल्या, अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम. व्लादिमिर यांडा नावाच्या चेक डॉक्टरांची ही मांडणी, छातीचे आणि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेच्या पुढचे खोलातले आणि पाठीच्या पात्यांमधले ढिले, दोन्हींच्या रेषा काढल्या की फुली होते. इतकं भारदस्त नाव मिळाल्यावर मला माझ्या पोकाबद्दल थोडा आदरच वाटायला लागला.

मग व्यायाम. चिन टक म्हणजे मान न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढायची, म्हणजे नसलेली डबल चिन मुद्दाम तयार करायची. हे कुठेही करता येतं असं बाई म्हणाल्या म्हणून मी मीटिंगमध्ये केलं, तर साहेबांना वाटलं मला त्यांचा मुद्दा पटला नाही, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितला. वॉल एंजल त्याहून भारी. पाठ, डोकं, कोपरं, मनगटं सगळं भिंतीला टेकवून हात वर सरकवायचे, दिसायला सोपं, पण मनगटं टेकवली की बरगड्या पुढे येतात, बरगड्या आत घेतल्या की मनगटं सुटतात, आणि हे दोन्ही जमवावं तर श्वास घ्यायचा राहून जातो. बायको दारातून बघून म्हणाली, "अरे, भिंतीला शरण आलायस का?" रबरी बँड ओढायचा व्यायाम मात्र मला मनापासून आवडला, कारण त्यात प्रगती रंगात दिसते, पिवळ्यावरून लाल, लालवरून हिरवा.

ताकद वाढली यात वादच नाही. पोश्चरचं काय झालं हे मात्र कोणी बघतंय का यावर अवलंबून आहे. ओळंब्यासमोर उभं केलं की कोण पोक काढेल? तिथे मी देवळाच्या खांबासारखा ताठ, बाई खूश, मानेचा कोन सुधारला म्हणून वहीत नोंद. घरी येऊन लॅपटॉप उघडला की डोकं परत आपल्या जुन्या जागी.

शेवटी मी वाचायला बसलो (पोक काढूनच, दुसरं कसं वाचणार). २००१ मध्ये ऱ्हायसोमॅलिस आणि गुडमन या संशोधकांनी याच प्रश्नाचा आढावा घेतला होता, ताकदीच्या व्यायामाने हाडं नव्या जागी ओढली जातात याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही, आणि त्यांचं म्हणणं असं की तासाभराच्या व्यायामाने जे ढिले स्नायू आखडवाल ते उरलेल्या दिवसाच्या हालचाली परत ताणून ठेवतात. नंतरच्या काही प्रयोगांत मानेचा कोन थोडा सुधारलेला दिसतो, नाही असं नाही. पण ज्याला दुखतच नाही त्याने त्या दोन-चार अंशांचं करायचं काय, फ्रेम करून लावायचे? शिवाय पोक असला की दुखणं येतंच असा सरळ हिशोबही कुठे जुळत नाही.

हे सगळं सांगायला परत बाईंकडे गेलो, तर त्यांनी ऐकता ऐकता मला फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं पेल्व्हिस, म्हणजे कमरेचं हाड, पण पुढे झुकलंय." मी अभ्यास करूनच गेलो होतो, म्हटलं, मॅडम, २०११ च्या एका मोजणीत काहीही दुखत नसलेल्या पुरुषांपैकी ८५ टक्के लोकांचं तसंच निघालंय.

"अरे वा, म्हणजे तुम्ही बहुमतात आहात," असं म्हणून त्यांनी मला निळा बँड दिला.