‘दहा मिनिटांत चाळीस टक्के वेग’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

लातूर, परभणी, नांदेड या भागांत गेम खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये ओव्हरक्लॉकिंगविषयीचा, म्हणजे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याविषयीचा, एक संदेश फिरत असतो. त्यात म्हटले आहे की कोणत्याही कॉम्प्युटरचा प्रोसेसर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन दहा मिनिटांत चाळीस टक्के वेगवान करता येतो. त्यासाठी प्रोसेसरचे व्होल्टेज एकदम १.४५ करावे, ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधील सगळ्या पट्ट्या उजवीकडे सरकवाव्यात, कॅबिनेटची बाजू उघडून समोर खोलीतला पाण्याचा कूलर लावावा आणि दहा मिनिटे गेम चालला की सेटिंग पक्की समजावी. काही बिघडले तरी कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, म्हणून जळण्याची भीती नाही आणि वॉरंटीवाल्यांनाही काही कळत नाही, असा दिलासाही शेवटी दिला आहे.

मी कॉम्प्युटर जुळणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो. ओव्हरक्लॉकिंगला माझा विरोध नाही. ते अनेकांना शेजारी बसवून मी शिकवले आहे. पण सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर घरच्यांनी मुलासाठी घेतलेला कॉम्प्युटर असल्या संदेशामुळे माझ्या टेबलावर येतो तेव्हा वाईट वाटते. म्हणून संदेशातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

‘कोणताही प्रोसेसर’ हे पहिले विधानच चुकीचे आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ (ठोक्यांचा पायाभूत वेग) गुणिले मल्टिप्लायर (त्याची किती पट हे ठरवणारा आकडा). मूळ घड्याळ बहुधा १०० मेगाहर्ट्झ असते आणि मल्टिप्लायर ४६ असेल तर वेग ४६०० मेगाहर्ट्झ होतो. हा मल्टिप्लायर इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत कुलूपबंद असतो. नावाच्या शेवटच्या अक्षरांत ‘के’ असलेल्या प्रोसेसरांतच मुख्यतः तो खुला असतो, आणि तो बदलण्यासाठी मदरबोर्डही साधारणपणे ‘झेड’ मालिकेचा लागतो. आपल्याकडे सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या जोड्यांपैकी एक म्हणजे आय-५ १२४०० आणि एच ६१० बोर्ड; तिथे मल्टिप्लायर वाढवण्याची सोयच नाही. एएमडीचे डेस्कटॉप रायझन बहुतांशी खुले असतात, तरी ए ३२० किंवा ए ५२० बोर्डावर ते वाढवता येत नाहीत, आणि ५८०० एक्स थ्री-डी सारखे काही प्रोसेसर कंपनीने मुद्दाम बंद ठेवले आहेत. तेव्हा आधी प्रोसेसर आणि बोर्ड यांची नावे पाहावीत. निम्म्या मुलांचा प्रश्न तिथेच मिटतो.

चाळीस टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, तो जुन्या काळातला आहे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर बसचा, म्हणजे त्या वेळच्या मूळ घड्याळाचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झवर बिनबोभाट चालत असे, म्हणजे सरळ दीडपट. त्या वेळी कंपन्या बरीच क्षमता न वापरता सोडून देत. पुढे इंटेलने २००८ मध्ये वेग आपोआप वाढवणारा टर्बो बूस्ट आणला, एनव्हिडियाने २०१२ मध्ये ग्राफिक्स कार्डांत तसाच जीपीयू बूस्ट आणला, आणि तेव्हापासून शिल्लक क्षमता कंपनीच कारखान्यातून वापरून घेते. आज प्रोसेसरवर हाताने कष्ट करून साधारण तीन ते आठ टक्के मिळतात. त्यातही गेमचा वेग ग्राफिक्स कार्डामुळे अडलेला असेल, तर प्रोसेसर कितीही वाढवला तरी पडद्यावर सेकंदाला एक फ्रेमही (चित्रही) वाढत नाही.

संदेशातील सर्वांत घातक ओळ व्होल्टेजची आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर १.२० व्होल्टवर ४४०० मेगाहर्ट्झने चालतो आहे आणि संदेशाप्रमाणे १.४५ व्होल्ट देऊन तो ४६०० वर नेला. वेग वाढला साडेचार टक्के. उष्णता मात्र (१.४५ भागिले १.२०) चा वर्ग गुणिले वेगाची १.०४५ पट, म्हणजे जवळजवळ ५३ टक्क्यांनी वाढली. साडेचार टक्क्यांसाठी ५३ टक्के उष्णता विकत घेणारा हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला कागदावर मांडून दाखवला, तर तो क्षणात नाकारेल.

योग्य रीत नेमकी उलटी आहे. व्होल्टेजला हात न लावता मल्टिप्लायर एका पायरीने वाढवावा, चाचणी घ्यावी, पुन्हा एक पायरी. कॉम्प्युटर अडखळला की एक पायरी मागे यावे. अजून वाढवायचेच असेल, तर व्होल्टेज एका वेळी ०.०१ ते ०.०२ ने वाढवावे आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन बदलल्या तर दोष कोणाचा ते कळत नाही.

‘कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो, त्यामुळे जळत नाही’ या विधानात अर्धे सत्य आहे, आणि लोक फसतात ते त्याच अर्ध्यामुळे. प्रोसेसरमधील संरक्षण तापमानावर लक्ष ठेवते, हे खरे. पण जादा व्होल्टेजमुळे आतल्या सूक्ष्म वाहक रेषांची महिनोन्‌महिने जी झीज होते, ती कोणत्याही तापमापकावर दिसत नाही. शिवाय रायझनचा मल्टिप्लायर हाताने कायम केला की वीज आणि प्रवाह यांवरील काही स्वयंचलित मर्यादा बाजूला पडतात, म्हणजे ज्या पहारेकऱ्यावर संदेश विसंबून आहे त्यालाच आपण सुट्टी देतो. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही एक्स थ्री-डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले, तेव्हा एएमडीला बायोस अपडेट काढून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी-नियंत्रकासारख्या भागांच्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा घालावी लागली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होऊ लागले तेव्हाही वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज हेच कारण पुढे आले. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला सूक्ष्म प्रोग्राम) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी हे प्रोसेसर बनवले त्यांचाच हिशेब जिथे चुकला, तिथे अनोळखी माणसाने पाठवलेला १.४५ चा आकडा डोळे मिटून भरू नये.

आता आपल्या हवेकडे येतो, कारण परदेशी व्हिडिओंत हा भाग नसतो. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) असो वा पाण्याचे कूलिंग, दोन्ही प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाहीत. ते फक्त खोलीपेक्षा किती अंश वर ठेवायचे ते ठरवतात. बावीस अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७४ अंश दाखवणारा प्रोसेसर खोलीपेक्षा ५२ अंश वर असतो. तोच संच परभणीच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ठेवला की आकडा ९० वर जातो, आणि ५६०० ची कमाल मर्यादा नेमकी ९० आहे. म्हणजे काहीही न वाढवता तो काठावर उभा आहे.

हे मी स्वतः पाहिले आहे. डिसेंबरच्या एका रात्री नांदेडला एका विद्यार्थ्याचा संच आम्ही दोघांनी बसून जुळवला, तीन तास चाचणी घेतली, एकही त्रुटी आली नाही. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, “दादा, दुपारी दोन वाजले की गेम बंद पडतो, संध्याकाळी परत चालतो.” त्याची खोली गच्चीवरची, वर पत्रे. खालच्या मजल्यावर, जुन्या माळवदाच्या खोलीत तोच कॉम्प्युटर त्याच सेटिंगवर दिवसभर व्यवस्थित चालला. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की शेवटची चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी, आणि हिवाळ्यात जुळवलेल्या सेटिंगमधून एक पायरी आधीच कमी करून ठेवावी.

कॅबिनेट उघडून समोर कूलर लावण्याचा सल्लाही याच ठिकाणी तपासू. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरने खोली थंड होते आणि त्याचा कॉम्प्युटरला फायदाच होतो. पण कूलरचा झोत सरळ उघड्या मदरबोर्डावर सोडला, तर पॅडवरून उडणारे तुषार आत जातात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार वाळून बोर्डावर पांढरा थर धरतात आणि त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ चिकटते. असा एक बोर्ड ब्रशने साफ करताना ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटजवळचे धातूचे पाय हिरवे पडलेले मला दिसले होते. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, कॅबिनेट बंद ठेवून पुढे हवा आत घेणारे आणि मागे बाहेर टाकणारे पंखे लावावेत, आणि महिन्यातून एकदा धूळ काढावी.

विजेबद्दल संदेश एक शब्दही बोलत नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे एसएमपीएसवरचा (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) भार वाढतो. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट बऱ्याचदा प्रत्यक्षात मिळत नाहीत. काही गावांत शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज कोसळते, आणि लाईट जाणे तर नेहमीचेच. चाचणी चालू असताना किंवा बायोस अपडेट होत असताना लाईट जाऊ नये यासाठी यूपीएस हवा. कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग जोडलेले नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये बसवलेल्या घरांत हे हमखास आढळते. हे दुरुस्त होईपर्यंत ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करू नये.

‘दहा मिनिटे गेम चालला म्हणजे पक्के’ हेही टिकत नाही. गेम प्रोसेसरवर सतत पूर्ण भार टाकत नाही. त्यासाठी सिनेबेंच, ओसीसीटी किंवा प्राइम ९५ असा भार टाकणारा प्रोग्राम काही तास चालवावा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान आणि त्रुटींची नोंद पाहावी. कॉम्प्युटर बंद पडला नाही तरी त्रुटी होत असतात, आणि त्या गुपचूप फाइलींत शिरतात. ज्या मशीनवर प्रकल्पाचा अहवाल किंवा घरचे हिशेब आहेत, तिथे आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ठेवावी.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत नवशिक्याला धोका कमी आणि मिळकत जास्त आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (वीज वापरण्याची मर्यादा) वाढवावी, कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) १५ किंवा ३० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी पुढे न्यावा, चित्रात ठिपके किंवा फाटलेले त्रिकोण दिसले की मागे यावे. मग मेमरीकडे वळावे. इथे एक फसवी गोष्ट आहे: जीडीडीआर ६ एक्स मेमरी असलेल्या कार्डांत त्रुटी झाली की डेटा पुन्हा पाठवला जातो, त्यामुळे मेमरी फार वाढवली तरी चित्र ठीक दिसते आणि फ्रेम मात्र घटू लागतात. सगळ्या पट्ट्या उजवीकडे ढकलणाऱ्याला हे कळतच नाही. विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू करण्याचे बटण सगळ्या चाचण्या संपेपर्यंत दाबू नये. तोवर काहीही अडकले तरी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की कार्ड मूळ वेगावर येते. आपल्या उन्हाळ्यात तर मी वेग वाढवण्याऐवजी व्होल्टेज थोडे उतरवण्याचाच सल्ला देतो, कारण कार्ड थंड राहिले की ते आपला बूस्ट टिकवून धरते आणि पंख्याचा आवाजही कमी होतो.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेल किंवा एएमडी यांच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि इंटेलची त्यासाठीची वेगळी संरक्षण योजना २०२१ मध्येच बंद झाली. ‘कळत नाही’ म्हणावे, तर एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० या मोठ्या प्रोसेसरांच्या मालिकेत ओव्हरक्लॉकिंग सुरू करताच प्रोसेसरमधला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो आणि त्याची नोंद राहते. त्याही पलीकडे, दुकानदाराशी खोटे बोलून बदली माल घेण्याचा सल्ला मुलांना देणे मला मुळीच पटत नाही.

संदेशात नसलेली, पण सगळ्यात आधी सांगायला हवी होती अशी गोष्ट म्हणजे परतीची वाट. मागच्या वर्षी अकरावीतला एक मुलगा वडिलांसोबत आला होता. पडदा काळा, पंखे फिरतात, बाकी काही नाही. बोर्ड गेला असे त्याला कोणी तरी सांगितले होते आणि वडील नव्या बोर्डाची किंमत विचारत होते. मी प्लग काढला, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले, बोर्डावरची सीआर २०३२ ची नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटे बाजूला ठेवली आणि परत बसवली. बायोस कारखान्याच्या सेटिंगवर आले आणि कॉम्प्युटर सुरू झाला. त्या मुलाला मी ती बॅटरी स्वतःच्या हाताने दोनदा काढायला आणि बसवायला लावली, आणि मगच बायोसमध्ये मल्टिप्लायर कुठे असतो ते दाखवले.