हादोकेन शिकायला वेळ लागतो, तो दाखवा

फायटिंग गेमवर सिरीज किंवा पिक्चर काढायचा म्हटलं की सगळे पहिली चूक तीच करतात, गेममध्ये जेवढी कॅरेक्टर आहेत तेवढी सगळी कोंबायची. स्ट्रीट फायटर गेमवरचा १९९४ चा पिक्चर बघा ना, व्हॅन डॅम त्यातलं गाइल हे कॅरेक्टर झालाय म्हणून अख्खी गोष्ट गाइलभोवती, आणि ज्यांच्यासाठी आपण गेम खेळायचो ते र्‍यू आणि केन चक्क भुरटे ठग करून टाकले. राउल ज्युलियाने व्हिलन बायसन जीव ओतून केलाय हे मान्यच, पण बाकी पिक्चरमध्ये आपला गेम कुठे आहे?

म्हणूनच २०१४ ला यूट्यूबवर आलेली स्ट्रीट फायटरवरचीच सिरीज असॅसिन्स फिस्ट मला इतकी जवळची वाटते. जोई अ‍ॅन्सा नावाच्या माणसाने केली, तोच ज्याने बोर्न अल्टिमेटममध्ये मॅट डेमनबरोबर ती बाथरूमपर्यंत जाणारी खतरनाक फाइट केली होती. हा स्वतः मार्शल आर्टवाला, आधी २०१० ला एक छोटी फिल्म करून दाखवली आणि मग ही सिरीज. त्यात टूर्नामेंटच नाही! जपानमधला एक डोजो, म्हणजे मार्शल आर्टचा आखाडा, गोकेन गुरुजी, दोन पोरं, एक अनाथ र्‍यू आणि एक अमेरिकेतल्या श्रीमंत बापाचा केन, बस. आणि मधेमधे गोकेनच्या तरुणपणाची गोष्ट, त्याचा भाऊ गोकी आणि दोघांचे गुरू गोतेत्सू, आणि तो गोकी गेममधला राक्षसी अकुमा कसा होत जातो ते. जपानी माणसं आपापसात जपानीच बोलतात, खाली सबटायटल, हे मला फार आवडलं.

आता मुद्दा. नव्वदीत आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एकेक कॉइन टाकून ज्यांनी स्ट्रीट फायटर टू खेळलाय त्यांना माहितीये, हादोकेन, म्हणजे दोन्ही हातांतून ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव, असं बटण दाबलं की निघत नाही. स्टिक खाली, मग खाली-पुढे तिरकी, मग पुढे आणि त्याच क्षणी पंच, जरा जरी टायमिंग चुकलं तर र्‍यू नुसताच बुक्की मारतो आणि समोरचा धुऊन काढतो. शोर्‍युकेन, तो उडी मारून वर मारायचा ठोसा, तर त्याहून अवघड. हात दुखेपर्यंत करायचो आणि एक दिवस हाताला आपोआप जमायला लागायचं. या गेमचा खरा जीव तिथे आहे, स्टोरी तर नावालाच होती.

आणि सिरीजने नेमकं तेच पकडलंय. तिथे हादोकेन पहिल्या एपिसोडला फटकन निघत नाही, पोरं घाम गाळतात, केनला घाई झालेली असते, गुरुजी थांबवतात, आणि मग जेव्हा हातातून तो निळा प्रकाश निघतो तेव्हा अंगावर काटा येतो कारण तो कमावलेला असतो. बरं, पटकन ताकद हवी असेल तर दुसरा रस्ता आहेच, सात्सुई नो हादोचा, म्हणजे जीव घेण्याच्या इच्छेतून येणाऱ्या काळ्या ताकदीचा, पण त्याने माणूस काय होतो ते गोकीकडे बघून कळतं. त्यामुळे व्हिलन वेगळा आणावाच लागत नाही.

फाइट शूट करायची पद्धतही बघा. गेममध्ये आपल्याला दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, बाजूने. मग पिक्चरवाले दर अर्ध्या सेकंदाला कट का मारतात? इथे कॅमेरा जरा लांब राहतो, लाथ कुठून निघाली आणि कुठे लागली ते दिसतं. र्‍यू झालेला माइक मो स्वतः तायक्वांदोवाला, पुढे टॅरंटिनोच्या २०१९ च्या पिक्चरमध्ये ब्रूस ली झाला तोच.

मॉर्टल कॉम्बॅट या दुसऱ्या फायटिंग गेमवरची सिरीज लेगसी २०११ ला आली ती पण मी आवडीने बघितली, विजेचा देव रेडनला मेंटल हॉस्पिटलमध्ये टाकायची आयडिया तर जबरदस्तच होती, पण दर एक-दोन एपिसोडला नवीन कॅरेक्टर, जीव लागेपर्यंत गोष्ट संपलेली.

असॅसिन्स फिस्ट सुरुवातीला हळू वाटेल, केनचे केस खटकतील, त्याला इलाज नाही. पण बघाल तेव्हा गोकेन-गोकीचे फ्लॅशबॅक पुढे ढकलू नका प्लीज, सिरीजचं सगळ्यात चांगलं काम तिथेच झालंय. आणि टेकन किंवा केओएफ (किंग ऑफ फायटर्स) अशा फायटिंग गेमवर कोणी सिरीज काढणार असेल तर माझं एवढंच मागणं आहे की पहिल्या सीझनला दोनच फायटर घ्या.