मत द्यायचे असेल, तर आधी घर बदला

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना एक आगाऊ सल्ला द्यावासा वाटतो. घर घेताना आपण शाळा पाहिलीत, मालमत्ता कर पाहिलात, न्यूयॉर्कला जाणारी गाडी किती वेळ घेते तेही पाहिलेत. पण त्या पत्त्यावर आपल्या मताला काय भाव आहे, याची चौकशी मात्र केली नाहीत. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत न्यू जर्सी १९९२ पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्याच पदरात पडत आले आहे. म्हणजे आपण त्या पक्षाचे असाल, तर आपले मत हंडा भरल्यावरही चालू राहिलेल्या नळासारखे वाहून जाते, आणि विरोधी पक्षाचे असाल, तर ते हंड्यात पडतच नाही.

यावर उपाय सोपा आहे. तासाभराच्या अंतरावर डेलावेअर नदी लागते. ती ओलांडून पेन्सिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत राहायला जावे, कारण ते राज्य कधी या, तर कधी त्या पक्षाकडे झुकते. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन सैन्यासह हीच नदी बर्फाच्या लाद्या चुकवत पार करून न्यू जर्सीत उतरले होते. आपल्याला उलट दिशेने जायचे आहे, आणि आता पूलही झाले आहेत. पैलतीरी पोहोचताच आपण तेच, आपली मतेही तीच. पण कालपर्यंत ज्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, ते दोन्ही उमेदवार आता आपल्याला गॅस, नोकऱ्या आणि महागाई यांविषयी नेमके काय वाटते, ते जाणून घेण्यासाठी कासावीस होतील.

अध्यक्ष थेट लोक निवडत नाहीत; निवडतात ते राज्याराज्यांतून आलेले ५३८ निर्वाचक, आणि ज्याला २७० मिळाले तो जिंकला. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर इतरत्र राज्यात एका मताने पुढे असलेला उमेदवारही तिथले सगळे निर्वाचक घेऊन जातो. गणिताची आवड असलेल्या काहींना इथे वायोमिंगला जाण्याचा मोह होईल. तिथे जेमतेम पावणेसहा लाख वस्तीला तीन निर्वाचक आहेत, तर जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला ५४. म्हणजे कॅलिफोर्नियातली जवळजवळ चार माणसे एकत्र आली, की वायोमिंगचा एक माणूस होतो. तरीही जाऊ नये. वायोमिंग १९६८ पासून प्रत्येक वेळी रिपब्लिकन पक्षाकडे गेले आहे, त्यामुळे तिथे आपले वजन चौपट झाले, तरी कुणी विचारायला येणार नाही.

मेजवानीत कुणी नवखा ‘ज्याला देशात जास्त मते, तो अध्यक्ष’ असे काही बोलू लागला, तर त्याला मायेने गप्प करावे. ‘मग छोट्या राज्यांचे काय?’ असा प्रश्न गंभीर चेहऱ्याने टाकला, की बहुतेक वेळा काम भागते. व्हरमाँट आणि ऱ्होड आयलंड ही राज्येही छोटीच आहेत, पण प्रचाराचा सगळा मारा होतो तो लोकसंख्येने पाचव्या क्रमांकाच्या पेन्सिल्व्हेनियात, हे त्याच्या लक्षात येण्याआधी पुरणपोळी वाढावी. तरीही ऐकत नसेल, तर घटनाकारांच्या शहाणपणाचा दाखला द्यावा. मात्र तपशिलात शिरू नये. कारण १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना, घटनाकारांपैकीच एक असलेल्या जेम्स मॅडिसन यांनीच थेट लोकांकडून निवड हा सर्वांत योग्य मार्ग मानला होता, आणि दक्षिणेतल्या गुलामांना मत नसल्यामुळे त्या राज्यांचा तोटा होईल, ही अडचणही त्यांनीच सांगितली होती. निर्वाचकांच्या पद्धतीत ती सुटली: गुलामाला मत नाही ते नाहीच, पण मालकाच्या राज्याचे निर्वाचक मोजताना तो तीनपंचमांश माणूस म्हणून धरला गेला.

उमेदवारांनीही, शक्य असेल तर, मते योग्य जागी मिळवावीत. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण फ्लोरिडात ५३७ कमी पडली, आणि अध्यक्षपद हुकले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी तर तब्बल २८ लाखांची आघाडी घेतली, आणि ती नेमकी नको तिथे साठवली. २०२० मध्ये जो बायडन सत्तर लाखांनी पुढे होते. तरी जॉर्जिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिनमधली मिळून सुमारे ४३ हजारांची आघाडी नसती, तर सामना २६९-२६९ असा बरोबरीत सुटला असता. मग निर्णय अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात, आणि तिथे राज्यागणिक एकच मत: वायोमिंगचे एक, कॅलिफोर्नियाचेही एक.

निर्वाचकांच्या विवेकावर विश्वास ठेवावा, असेही सांगतात. २००४ मध्ये मिनेसोटातल्या एका निर्वाचकाने अध्यक्षपदासाठी जॉन एडवर्ड्स यांचे नाव लिहिले. ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, शिवाय आडनावातले एक व्यंजनही गळाले होते. २०१६ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना वॉशिंग्टन राज्यातून तीन मते पडली, तीही ते उभे नसताना.

ही पद्धत बदलण्याची घाई मात्र करू नये. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० अशी मंजूर केली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांनी तिचा निकाल लावला. आता काही राज्यांनी आपसांत करार केला आहे, की आपले निर्वाचक देशभर पुढे असलेल्या उमेदवारालाच द्यायचे. न्यू जर्सीने २००८ मध्येच त्यावर सही केली, पण करारातल्या राज्यांच्या निर्वाचकांची बेरीज २७० होईपर्यंत तो लागू होत नाही.

निवृत्तीचा बेत आखताना मात्र जपावे. समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने प्युर्टो रिकोला गेलात, तर अमेरिकेच्याच भूमीवर असूनही अध्यक्ष निवडण्याचा आपला हक्क संपतो. तिथल्या तीस लाखांहून अधिक नागरिकांना तो नाहीच. त्यापेक्षा पुण्याला परत यावे. परदेशी राहणारा अमेरिकन नागरिक त्याच्या शेवटच्या राज्याचा मतदार राहतो, त्यामुळे कोथरूडमधून टपालाने पाठवलेले आपले मत न्यू जर्सीत सुखरूप मोजले जाईल, आणि निकालात तिळमात्रही फरक पडणार नाही.