पिक्चर पाहू नका, त्यावर बोला

गावात सिनेमाचा जाणकार म्हणून नाव काढायचं असेल तर एक पथ्य आधी सांगतो. पिक्चर पाहू नका. पाहिलेला माणूस फसतो. त्याला गोष्ट आठवते, गाणं आठवतं, कुठं डोळ्यांत पाणी आलं तेही आठवतं, आणि मग बोलताना तो अडखळतो. न पाहिलेल्याला कसलाच अडसर नसतो. ट्रेलर बघा, मोबाइलवर दोघांची मतं ऐका, दोघांच्याही विरुद्ध जाणारं तिसरं मत धरा. ते तुमचं.

बोलायची जागा नीट निवडा. पारावर म्हातारे असतात, ते ऐकत नाहीत. सलूनमध्ये वस्तरा दुसऱ्याच्या हातात असतो, तिथं मतभेद बरे नाहीत. पानठेला उत्तम. संध्याकाळची एसटी येऊन गेली की तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईस्तोवर पाच-सात जण उभेच असतात, आणि एकदा खर्रा तोंडात गेला की त्यांना उलट बोलता येत नाही. समीक्षकाला आणखी काय पाहिजे?

सुरुवात दूरच्या देशापासून करा, दूरचं कुणी तपासत नाही. त्यासाठी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 1950 सालचा 'राशोमोन' फार उपयोगी. एकाच घटनेची हकिकत चौघं चार तऱ्हांनी सांगतात, एवढं ठाऊक असलं की पुरे. मग तो मारधाडीच्या पिक्चरला लावा, सासू-सुनेच्या पिक्चरला लावा, सगळीकडं बसतो. 'यात मला राशोमोन दिसला' म्हणायचं, थोडं थांबायचं आणि रस्त्याकडं बघायचं. फक्त आसपास तंटामुक्ती समितीतलं कुणी नाही याची आधी खात्री करा. नाहीतर तो पिंक टाकून म्हणतो, 'चार जनं चार गोठी सांगतेत, यात काय नवल हाये भाऊ? धुऱ्याच्या भांडनात आमी हेच तं आयकून राह्यलो.' कुरोसावानं 88 मिनिटांत आटोपलं. समितीपुढं त्याच एका धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, प्रकरण पावसाळ्यामागून पावसाळे चाललंय, आणि तिला त्याच्यासारखा व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार काही कुणी दिला नाही. तुम्ही मात्र हसू नका. 'तो सत्याच्या सापेक्षतेबद्दल बोलतो' एवढं म्हणा आणि पुढं सरका.

पुढं म्हणजे मागं, जुन्या काळात. 3 मे 1913, मुंबईचं कोरोनेशन थिएटर, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही. ही माहिती खरी आहे, त्यामुळं सांगताना आवाज आपोआप चढतो. (सांभाळा, खरं सांगायची सवय लागली तर या धंद्यात टिकणार नाही.) पण ऐकणाऱ्यांत एखादा रोजमजुरीचा गडी असतोच. 'राम बी तोच अन् सीता बी तोच? मंग मजुरी एकाचीच देली असन.' चित्रपटाच्या अर्थकारणावर इतका नेमका प्रश्न मी तरी दुसरा ऐकला नाही. तुम्ही 'ते प्रतीकात्मक आहे' म्हणा.

खरी कसोटी विदर्भावरच्या पिक्चरची. इथं लोकांची तुमच्याकडून अपेक्षा असते. विदर्भ म्हटलं की शेतकरी, शेतकरी म्हटलं की आत्महत्या, आणि आत्महत्या म्हटलं की समीक्षकाचा आवाज दोन पट्ट्या खाली, नजर लांब. हा नियम कडक आहे. सतीश मनवर यांचा 2009 सालचा 'गाभ्रीचा पाऊस' घ्या. कापूस पिकवणारं घर. शेजारी आत्महत्या होते, तेव्हा आपल्या नवऱ्याच्या मनात तसलं काही येऊ नये म्हणून बायको त्याच्यावर पाळत ठेवते. या पाळतीतून मधूनमधून हसू फुटतं, आणि तिथंच पिक्चर पोटात शिरतो. ते हसू तुम्ही दाबून टाका. कर्ज असलेल्या घरातही माणसं एकमेकांची टिंगल करतात, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडतात, हे बाहेर कळलं तर आमच्याबद्दल हळहळायला कोण राहील?

त्यानंतर भेगा. शेतकऱ्याच्या पिक्चरला भेगाळलेली जमीन लागतेच, पोस्टरवर तर लागतेच लागते. ती दिसली की 'ही जमीन नाही, हे फाटलेलं काळीज आहे' असं काहीतरी म्हणायचं असतं. म्हणा. पण तेव्हा बाजूला बुढा बसलेला नसावा. आमच्याकडच्या एका बुढ्यानं असलं पोस्टर पाहून मोठ्या खुशीत विचारलं होतं, 'कोनाचं वावर हाये हे? भारी जमीन दिसते.' कारण भारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही फाटते. मे महिन्यात हात जाईल एवढी भेग पडली नाही तर आमची माणसं त्या वावराला हलकं समजतात. वरची माती भेगांतून खाली जाते, जमीन आपली आपणच पालटते. म्हणजे तुम्ही जिथं काळीज पाहिलं तिथं बुढ्यानं एकरी भाव लावला. दिग्दर्शकाला दुष्काळ दाखवायचा होता आणि त्यानं तालुक्यातलं महागातलं महाग वावर दाखवलं! ही गोष्ट पसरली तर तुमचं कसं व्हायचं? बुढ्याला प्रेमानं हाताला धरा, घरी सोडून या.

आभाळाकडं बघण्याचंही तसंच. पिक्चरमधला आमचा शेतकरी कपाळाला हात लावून सारखा वर बघतो. यवतमाळ जिल्ह्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुष्काळी माणदेशातल्या माणसाला एवढा मिळाला तर तो पेढे वाटेल. आमचं दुखणं पावसाच्या खंडात असतं, आणि त्याहून जास्त खाली, कापूस खरेदीच्या आवारात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, पुढं बारापर्यंत कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. एका पोट्ट्यानं मला विचारलं, 'पिच्चरमंदी अजून सावकारच काहून राह्यते? आता व्हिलन म्हनजे ते ओलाव्याचं मशीन. कापसात खुपसलं का आकडा दाखवते, अन् बापाचं तोंड उतरते.' मशीनला मिशी नाही, हवेली नाही, सूडाचं कारण नाही. त्याच्याशी मारामारी करता येत नाही. रात्रभर थंडीत गाडीवर बसलेला माणूस सकाळी एका आकड्याकडं बघतोय, एवढाच प्रसंग. तुम्ही म्हणा, 'त्यात नाट्य नाही.'

2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या साली कपाशी माणसाच्या उंचीला लागली होती, औषध तोंडावर येत होतं. ते पडद्यावर आणायचं तर हिरवंगार शेत दाखवावं लागेल. आणि हिरव्या शेतात माणूस मरतो हे प्रेक्षकाला पटवणार कोण? भेगा बऱ्या.

बोलीबद्दल फार डोकं लावू नका. वऱ्हाडी कानावर पडली की हसायचं. भारत गणेशपुरे यांनी टीव्हीवरून ती घराघरांत नेली हे चांगलंच झालं, पण आता आमच्या माणसानं 'पानी कुठं हाये' विचारलं तरी पुण्या-मुंबईचा पाहुणा विनोदाची वाट पाहतो. तुम्हीही पाहा. हवालदार, ड्रायव्हर, हॉटेलातला पोऱ्या यांनी वऱ्हाडी बोलावं. हिरोनं त्याच बोलीत पोरीला मनातलं सांगितलं, तर 'पटत नाही' म्हणून मान हलवा. 2016 मध्ये 'सैराट' आला तेव्हा करमाळ्याकडची बोली आमच्या पोरी-पोट्ट्यांनी तोंडपाठ केली. त्या बोलीत प्रेम झालं, भांडण झालं, मरण झालं, कुणाला काही खटकलं नाही. मग त्याच पोरी वर्गात स्वतःच्या बोलीत बोलल्या की गुरुजी म्हणायचे, नीट बोल.

'कोर्ट'बद्दल एक खबरदारी. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारतातर्फे तो ऑस्करला गेला, तेव्हा त्यातल्या लांबच लांब स्थिर शॉटवर वाटेल तेवढं बोला. त्यातला शाहीर उभा करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, पोटापाण्याचे नट नव्हेत, चळवळीतले कार्यकर्ते, 2021 मध्ये करोनानं गेले, एवढं मात्र सांगू नका. सांगितलं तर लोक म्हणतील, लाव बरं, पाहू. आणि पाहिला तर मग ते बोलतील.

आकडे सढळ हातानं वापरा. क्विंटलमागं वीस रुपयांवरून ज्या गावात भाऊ-भाऊ बोलेनासे होतात, तिथं कोटींचा आकडा कुणी अडवत नाही. मधेच विचारा, 'सीपी-बेरारला किती धंदा झाला?' याचा वचक बसतो. सीपी-बेरार म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड, तो प्रांत कधीचाच मोडला. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पण पिक्चर विकणाऱ्यांच्या वहीत आम्ही अजून सीपी-बेरार. (वेगळ्या विदर्भासाठी उपोषणाला बसणाऱ्यांनी एकदा वितरकांना भेटावं. त्यांनी आम्हाला महाराष्ट्रात घेतलेलंच नाही.) तालुक्याची टॉकीज बंद पडली, तिथं मंगल कार्यालय झालं, याबद्दल हळहळा. पिक्चरच्या पेट्या एसटीनं यायच्या, रीळ तुटलं की शिट्ट्या पडायच्या, वगैरे. हळहळताना मोबाइल खिशात ठेवा, कारण त्यात चोरीचा पिक्चर उतरून राहिलेला असतो.

वडसा-ब्रह्मपुरीकडचा पाहुणा भेटला तर सावध. त्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर, धान घरात आलं की, माणसं तिकीट काढून थंडीत रात्रभर नाटक पाहतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. इतकं पाहणारा माणूस न पाहणाऱ्याला पुरून उरतो. 'लोककला जपली पाहिजे' म्हणा, चहा पाजा, गाडीत बसवून द्या.

आणि निंदणाच्या वेळी बायांच्या पातीजवळ तर फिरकूच नका. तिथं पिक्चर सांगितला जातो. एकीनं पाहिलेला असतो, दहा जणी ऐकतात, आणि एक पात संपेस्तोवर हिरो कसा दिसतो, त्याची माय कशी वागली, साडी कोणती होती, सगळं होतं. न आवडलेला भाग गाळून टाकतात. असं संकलन फुकट कुठं मिळत नाही. 'सैराट'च्या शेवटावर तुम्ही नक्की बोलला असाल. आई-बाप मारले गेलेत, लेकरू रक्तात पाय भरवून घराबाहेर येतं, आवाज काढून घेतलाय. शांततेचा वापर, दिग्दर्शकाची हिंमत, हे सगळं तुमचं बोलून झालं असेल. बायांत तो सांगून झाला तेव्हा एकीनं खुरपं थांबवलं.

'मंग ते लेकरू आता कोनापाशी असन वं?'

'शेजारीन नेईन.'

'शेजारीन किती दिवस ठेवन? मामाच नेईन.'

'मामानंच तं मारलं!'

'म्हनूनच म्हनतो. मोठा झाल्यावर त्याले काय सांगन तो?'

यावर दोन पाती गेल्या, जेवणाची सुट्टी गेली, कुणी कुणाला तोंड मिटू दिलं नाही. मालकीणबाई सुद्धा भांडायला उतरली. तुम्हाला कुणी मत विचारलंच तर 'ओपन एंडिंग' म्हणा आणि धुऱ्याधुऱ्यानं निघा.

इतकं साधलं की गावात फिल्म सोसायटी काढा. ग्रामपंचायतीचं सभागृह, शाळेचा प्रोजेक्टर, हिवाळ्याची रात्र, आणि एखादा संथ, शक्यतो इराणी पिक्चर. सरपंच उद्घाटन करून निघून जातील, ते जाऊ द्या. पहिला अर्धा तास गर्दी राहील. मग कुणाचा तरी फोन वाजेल आणि कळेल, थ्री फेज आली. गहू आणि चना ओलितावर असतो, रात्रीची लाइन सोडून चालत नाही. निम्मी माणसं टॉर्च घेऊन वावरात जातील. उरलेल्यांना घरून बोलावणी येतील. तुमच्यासोबत शाळेचा शिपाई राहील, कारण किल्ली त्याच्याकडं आहे. घाबरू नका. त्याला प्रोजेक्टर बंद करायला सांगा आणि ठरल्याप्रमाणं चर्चा सुरू करा. सकाळी डेअरीवर दूध घालताना ओलितावरून आलेले विचारतील, 'भाऊ, मंग शेवटी काय झालं?' शेवट तुमच्या मनानं रचून सांगा, जरा लेचापेचाच सांगा. आणि असला शेवट केल्याबद्दल तिथंच, दुधाच्या रांगेत, दिग्दर्शकाला झोडपायला घ्या.