चकती

मी बाप होणार आहे ही बातमी सोमवारी दुपारी आमच्या ऑफिसात पसरली. मला ती साडेतीनला कळली.

झालं ते एवढंच, की शनिवारी रात्री मी एक जुना कॉम्प्युटर गेम विकत घेतला. सहा जणांची टोळी जमवायची, तळघरं धुंडाळायची, भुतंखेतं मारायची आणि मेलेल्यांचे खिसे चाचपायचे, त्या जातीचा. ऐंशीच्या दशकातला आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. नाव सांगत नाही. दुकानाचंही नाही, कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पैसे भरले, डाउनलोडचं बटण दाबलं, पाणी प्यायला उठेपर्यंत गेम उतरला होता. तीनच सूर असलेलं ते संगीत वाजलं, माझे डोळे भरून येण्याच्या बेतात होते, तेवढ्यात पडद्यावर दोन चित्रविचित्र अक्षरं उमटली. खाली सूचना : चकती फिरवा आणि जुळणारा शब्द लिहा.

कसली चकती?

मी अंदाजानं तीन शब्द लिहिले. तिसरा शिवीवजा होता. गेमनं मला बाहेर काढलं.

ज्यांना फ्लॉपी म्हणजे ‘सेव्ह’च्या बटणावरचं चित्र एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी गेमची नक्कल करणं म्हणजे दुसरी फ्लॉपी घालून थांबणं. म्हणून कंपन्या खोक्यात पुठ्ठ्याची चकती द्यायच्या. १९८८च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये होती तशी : एकात एक बसवलेल्या दोन चकत्या, एकीवर एल्फ नावाच्या काल्पनिक लोकांची लिपी, दुसरीवर ड्वॉर्फ नावाच्या बुटक्यांची. पडद्यावर दिसतील ती दोन अक्षरं समोरासमोर आणायची आणि फटीतून डोकावेल तो शब्द लिहायचा. फ्लॉपीची नक्कल होते, पण फिरती चकती झेरॉक्सच्या काचेवर ठेवली तर फिरत नाही, असा हिशोब. काही कंपन्या तर गडद लाल कागदावर काळ्या अक्षरांत खुणेचे शब्द छापत, म्हणजे झेरॉक्स काढली की नुसता काळा चौकोन हाती लागायचा. तेव्हाचे लोक डोकेबाज होते. संशयी, पण डोकेबाज.

मी दुकानाला रविवारी पहाटे चिडून लिहिलं. उत्तर आलं, की चकती तुमच्या खात्यात ‘बोनस’ या सदरात आहे. खरंच होती. वॉलपेपर आणि पार्श्वसंगीत यांच्या मधोमध, दोन पानांची पीडीएफ. घराची किल्ली बोनस म्हणून देणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहत होतो. उत्तराच्या शेवटी लिहिलं होतं, ‘कृपया प्रिंट काढून कात्रीनं कापून घ्यावी’, आणि पुढे हसरा चेहरा. म्हणजे यंत्रावर नक्कल निघू नये म्हणून जिचा जन्म झाला, तिची नक्कल यंत्रावर काढा असं खुद्द विकणाराच सांगतोय.

माझ्याकडे प्रिंटर नाही. ऑफिसात आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दोन पानं सोडली. पहिली चकती बशीएवढी आली. दुसरी, जी पहिलीच्या आत बसायला हवी, ती ताटाएवढी. ‘फिट टू पेज’ची खूण कुणीतरी कायमची करून ठेवली होती. दोन्ही कागद हातात धरून मी आत कोण आणि बाहेर कोण याचा विचार करत उभा होतो, तेवढ्यात अकाउंट्समधले ते गृहस्थ आले.

हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेत. चष्मा कपाळावर असतो आणि ते तो दिवसभर शोधत असतात. त्या दिवशी नेमका डोळ्यांवर होता. त्यांनी चकत्या पाहिल्या, मला पाहिलं, पुन्हा चकत्या पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला आधी वाटलं, यांनीही हा गेम खेळलाय.

“अहो, अभिनंदन!” ते म्हणाले. “कितवा आठवडा?”

“कसला आठवडा?”

“आता लपवताय कशाला? आमच्या मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंकडे हेच होतं. बाहेर तारखा, आत आठवडे. फिरवलं की बाळंतपणाची तारीख.” त्यांनी ताटाएवढी चकती बशीएवढीवर ठेवून पाहिली आणि आवाज खाली आणला. “आठवड्यांच्या मानानं वाढ जरा जास्त वाटत नाही?”

“साहेब, ही एल्फांची लिपी आहे.”

“डॉक्टरांचं अक्षर तसंच असतं.”

मी सांगून पाहिलं. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. फार जुना आहे. त्याला हे लागतं.

“कॉम्प्युटरवरचा आहे ना? मग कागदावर काय करतोय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

“चोर पकडायला,” मी म्हणालो.

“कोण चोर?”

“मी. म्हणजे मी नाही, पण मी असू शकतो असं गेमला वाटतं.”

“पैसे भरलेत?”

“भरलेत.”

“पावती?”

“ईमेलवर आहे.”

“मग ती दाखवा त्याला!”

“त्याला ईमेल कळत नाही हो. तो बनला तेव्हा ईमेल करायचं तरी कुणाला?”

त्यांनी मान हलवली. अकाउंट्सच्या माणसाला हे पटतं. त्यांच्याकडेही बिल असूनसुद्धा प्रवास केल्याचं सिद्ध करावं लागतं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी रविवारभर स्वतःला विचारायचं टाळत होतो.

“आणि जे पैसे न भरता घेतात, त्यांनाही अशी चकती छापावी लागते?”

“नाही. फुकट्यांच्या प्रतीत हा प्रश्नच कुणीतरी काढून टाकलेला असतो. फार पूर्वीच.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मधल्या काळात प्रिंटरनं दुसऱ्याच कुणाची तरी बारा पानं ओकली.

“म्हणजे पैसे भरेल त्याला कात्री,” ते म्हणाले.

इथे मला थोडं भरकटू द्या, कारण जखम इथेच आहे. २००८ साली एका बड्या प्रकाशकानं आपल्या एका नेमबाजीच्या गेमसाठी दुरुस्तीची फाइल दिली. डाउनलोडवाल्यांकडे डिस्क नसतानाही गेम डिस्क मागत होता, त्यावरचा तो इलाज. लोकांनी ती फाइल उकलून पाहिली तर आत कुलूप फोडणाऱ्या चोरांच्या टोळीची सही! कंपनीनं स्वतःचं कुलूप उघडायला चोरांचीच किल्ली वापरली होती. तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, माझ्या दुकानदारानं निदान तेवढं तरी करायचं.

आणि हे कुलूप-प्रकरण चकतीवर थांबत नाही. चकतीनंतर सीडी आल्या. १९९८चा ‘बाल्डर्स गेट’ पाच सीडींवर यायचा. एका गावातून दुसऱ्या गावात पाऊल टाकलं की गेम म्हणायचा, आता चौथी सीडी घाला. पाचही माझ्या कपाटात आहेत, पण घालायच्या कुठे? नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही. बाहेरून ड्राइव्ह जोडता येतो, पण सेफडिस्क नावाचं कुलूप असलेल्या जुन्या सीडी विंडोज १० पासून तसंही चालत नाहीत. ते कुलूप उघडणारा भाग सुरक्षेच्या कारणानं काढून टाकला. कारण योग्यच असेल. पण कुलूप माझ्या दारावर ठेवून किल्ली मात्र विहिरीत!

म्हणून आपण पुन्हा विकत घेतो. तीच वस्तू. २००८ सालीच पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं जीओजी नावाचं ऑनलाइन दुकान काढलं, जुने गेम कुलपाविना आणि आजच्या मशीनवर चालतील असे करून विकायला सुरुवात केली, तेव्हा माझ्यासारख्यांनी आनंदानं पाकिटं उघडली. यातलं निम्मं काम डॉसबॉक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामचं असतं, जो आधुनिक मशीनला आपण जुनं, मंद आणि थकलेलं आहोत असं सोंग घ्यायला लावतो. हे सोंग लागतंच, कारण काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगानं पळतात. मोकळे सोडले तर आपण तलवार उपसेपर्यंत राक्षस आपल्याला मारून, लुटून, घरी जाऊन झोपलेला असतो.

हे सगळं मी त्या गृहस्थांना का सांगत होतो, मला ठाऊक नाही. कुणीतरी ऐकत होतं म्हणून. तेही खुर्ची ओढून बसले होते.

“मूळ खोका आहे तुमच्याकडे?”

“माळ्यावर. फ्लॉपी आहेत, चकती हरवली.”

“मग ही दुसरी खरेदी.”

“तिसरी. मधे एकदा सीडीवर संग्रह आला होता.”

“एकच वस्तू, तीन व्हाउचर,” ते म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवण्याच्या बेतात होते, पण संयम पाळला. “मग यांच्याकडे मूळ कागदपत्रं असतील की. त्यावरून नवीन नीट का नाही बनवत?”

मी म्हणालो, बनवतात, पण कागदपत्रं असतील तर. बीमडॉग नावाच्या कंपनीनं २०१२ पासून ‘बाल्डर्स गेट’ आणि त्याच्या भावंडांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. २००२चा ‘आइसविंड डेल २’ तेवढा राहिला, कारण त्याचा सोर्स कोडच सापडला नाही.

“सापडला नाही म्हणजे?”

“हरवला.”

“ऑफिसातून?”

त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख मी विसरणार नाही. गेम हा काय प्रकार आहे हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं, पण फाइल हरवणं कळलं. ते उठले, कपाटाकडे गेले, परत आले. “बारा वर्षांपूर्वीचं टॅक्सीचं बिल मागा. दोन मिनिटांत काढून देतो.”

मी त्यांना आणखी एक सांगितलं, खरं तर खूश करायला. १९९९चा ‘सिस्टिम शॉक २’ वर्षानुवर्षं कुणालाच विकता येत नव्हता. बनवणारी लुकिंग ग्लास ही कंपनी २००० साली बंद पडली आणि हक्क गेले एका विमा कंपनीकडे. अंतराळयानातल्या भुतांचे हक्क, विमा कंपनीकडे! शेवटी एकानं चिकाटीनं त्यांना गाठलं, तेव्हा कुठे २०१३ साली तो पुन्हा विक्रीला आला.

“विमा कंपनी?” ते सावरून बसले. “कोण गेलं होतं?”

“कंपनीच गेली होती.”

“अरेरे,” ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

मग त्यांनीच ‘फिट टू पेज’ची खूण काढली, दोन्ही पानं नव्यानं छापून दिली आणि आपल्या ड्रॉवरमधून एक टाचणीही दिली. जाताना म्हणाले, “वहिनींना जपा.” मला वाटलं, माणूस विनोदी आहे.

साडेतीनला तिघांनी हस्तांदोलन केलं. चारला ग्रुपवर फुलं पडली. मी खुलासा करायला गेलो की प्रत्येक जण डोळा मारून म्हणे, बरोबर आहे, तीन महिने सांगू नये. घरी पोचलो तर बायको दारातच. तिला आमच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी बायकोचा फोन आला होता.

“मला कधी सांगणार होतास?” तिनं विचारलं.

मी चकती दाखवली. तिनं ती हातात घेतली, एकदा फिरवली आणि परत दिली. त्यानंतर ती रात्रभर या विषयावर काही बोलली नाही. जे बोलली असती त्यापेक्षा ते वाईट होतं.

अकरा वाजता कापाकापी संपली. टाचणी मध्यभागापासून थोडी बाजूला लागली होती, त्यामुळे चकती मोडक्या सायकलीच्या चाकासारखी डुगडुगत फिरत होती. पडद्यावर दोन अक्षरं. एक तर पिझ्झाच्या काट्यासारखं, आणि चकतीवर तसली चार. जुळवलं. फटीतून शब्द दिसला. लिहिला. दार उघडलं! मी खरोखर उठून उभा राहिलो. सहा जणांची टोळी बनवली. दीड तास लागला, कारण सगळ्यांना नावं ठेवायची होती, आणि एका जादूगाराला मी अकाउंट्सच्या त्या गृहस्थांचं नाव दिलं. पहिल्याच तळघरात उतरलो. कोबोल्ड नावाच्या किरकोळ, कुत्रतोंड्या प्राण्यांनी आम्हाला चार मिनिटांत कापून काढलं. जादूगार सगळ्यात आधी गेला. सेव्ह करायचं राहिलं होतं. गेम पुन्हा सुरू केला तर समोर दोन अक्षरं. नवी. चकती फिरवायला गेलो आणि टाचणीपाशी कागद फाटला.

मंगळवारी सकाळी टेबलावर खासगी छपाईची नोंदवही येऊन पडली होती. अशी नोंदवही असते हेच मला माहीत नव्हतं, आणि तिच्यात माझ्याआधी दोनच नोंदी होत्या. वळणदार अक्षरात तारीख, माझं नाव, पानं : ४. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘वैद्यकीय’.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कपाळावरचा चष्मा शोधत होते. मला अजून दोन पानं छापायची होती. मी सही केली.