तीन महिन्यांत सायबर एक्स्पर्ट? जरा दमानं

आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर परत तोच फॉरवर्ड फिरायलाय. बीई कॉम्प्युटरला चार वर्षं घालवू नका, कॉलेजात सिक्युरिटीचं सगळं जुनंपानं शिकवतात, पुण्यात तीन महिन्यांचा हॅकिंगचा क्लास लावा, काली लिनक्स (हॅकिंगची तयार टूलं भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम) शिका, आसपासच्या वायफायवर हात साफ करा, की लाखाचं पॅकेज. बारावीची पोरं घरात असलेले लोक हे खरं मानायलेत म्हणून लिहायलोय.

जुनं शिकवतात, हो. पण ते जुनंच अजून चावतंय ना! १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, फिंगर सर्व्हिसमध्ये (कॉम्प्युटरवर कोण युजर आहे हे सांगणारी सोय) घुसला तो सी भाषेतल्या गेट्स (gets) फंक्शनमुळं, समोरून किती अक्षरं यायलीत हे ते फंक्शन बघतच नाही. २०१४ च्या हार्टब्लीडमध्ये काय झालं? समोरच्यानं सांगितलेली मेसेजची लांबी ओपनएसएसएल (वेबसाइटचं कनेक्शन गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर) तपासतच नव्हतं आणि एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी परत पाठवायचं, त्यात पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, काय वाट्टेल ते. २६ वर्षांनी चूक त्याच घराण्यातली.

टूल शिकलं की झालं म्हणणाऱ्यांनी एवढं करून बघा. सी मध्ये फंक्शनच्या आत १६ अक्षरांचा बफर, म्हणजे मेमरीतली ठराविक जागा, घ्या आणि कमांड लाइनवरून शंभर कॅपिटल ए स्ट्रकॉपीनं (strcpy, लांबी न बघता अक्षरं कॉपी करणारं फंक्शन) त्यात कोंबा. साध्या उबुंटू लिनक्सवर 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' म्हणून प्रोग्रॅम मरतो. का? फंक्शनचा बफर आणि ते संपल्यावर कुठं परतायचं तो रिटर्न ॲड्रेस, दोन्ही स्टॅक नावाच्या मेमरीच्या भागात असतात. कंपायलरनं (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) त्या ॲड्रेसच्या अलीकडं एक गुप्त आकडा ठेवलेला असतो, त्याला कॅनरी म्हणतात, फंक्शन संपताना तो बदललेला दिसला की खेळ खलास. आता कॅनरी बंद करून परत कंपाइल करा आणि जीडीबीत (चालू प्रोग्रॅमच्या आतलं दाखवणारं टूल) बघा, रिटर्न ॲड्रेसच्या जागी ४१४१४१४१ ची रांग दिसते, कारण हेक्समध्ये (१६ च्या पटीत आकडे लिहायची पद्धत) कॅपिटल ए चा कोड ४१. स्टॅक, कंपायलर, ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) हे वेगवेगळे पेपर नाहीत हे तिथं कळतं, आणि नुसतं बटण दाबायला शिकलेलं पोरगं टूल अडकलं की तिथंच अडकतं.

डिग्री लागतच नाही हे अर्धं खरं आहे. जर्नल उतरवून सबमिशन केलेल्या डिग्रीची बाजू मीपण घेणार नाही. पण म्हणून कमी शिकायचं का? अमेरिकेतल्या एमआयटीचा ६.८५८ नंबरचा कोर्स, कॉम्प्युटर सिस्टीम्स सिक्युरिटी, त्याची २०१४ ची लेक्चरं फुकट आहेत, लॅबमध्ये आधी एक वेब सर्व्हर फोडायचा आणि मग त्याचे तुकडे करून प्रत्येकाला लागेल तेवढीच परवानगी द्यायची. हे होटगी रोडवरच्या खोलीत बसूनपण होतंय, पुण्याचं भाडं कशाला!

वायफायचा सल्ला तर डेंजरच. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

राहिलं लाखाचं पॅकेज. ते महिन्याला की वर्षाला हे मेसेजात कुठंच नाही, क्लासचा फोन नंबर तेवढा ठळक टाकलाय.