‘पर्यटक आले की कोकण आपोआप सावरेल’ हे खरं नाही

कोकणात मोठी आपत्ती येऊन गेली की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा तो फिरला. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं आणि त्याच जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, तेव्हाही फिरला. शब्द बदलतात, आशय असा असतो: ‘कोकणी माणसाला भरपाईची भीक नको, पर्यटक हवेत. नारळ-सुपारीच्या वाड्या उभ्या राहायला दहा वर्षं लागतील, पर्यटन एका हंगामात उभं राहतं. प्रत्येकाने एक शनिवार-रविवार तिकडे घालवला तर पैसा थेट गावात जाईल आणि गोरगरीब आपोआप उभे राहतील. ज्यांचं सगळं गेलं त्यांनी घरात दोन खोल्या काढून पाहुणे ठेवावेत. मोठे रिसॉर्ट आले तर उत्तमच, रोजगार मिळेल.’

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची कोकणावर माया आहे, यात शंका नाही. गावचं पर्यटन पुन्हा उभं राहिलं पाहिजे, हे मलाही मनापासून वाटतं. पण हा संदेश जो क्रम सांगतो त्या क्रमाने गेलं तर ज्यांच्या नावाने तो पाठवला जातो तीच माणसं शेवटी रिकाम्या हाताने उभी राहतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

‘वाड्यांना दहा वर्षं, पर्यटनाला एक हंगाम’

या वाक्यात वाडी आणि पर्यटन या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात त्या वेगळ्या नाहीत. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ अशी पाटी असलेलं घर वाडीतच असतं. पाहुणा समुद्रावर जातो सकाळ-संध्याकाळ. भर दुपारी तो पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, सावलीत खाट टाकून पडतो, तिथेच जेवतो, निघताना नारळ, कोकम आणि जायफळाचं लोणचं घेऊन जातो. वाडी आडवी झाली की उरतात त्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोल्या. तशा खोल्या कुठेही मिळतात, त्यासाठी कुणी घाट उतरून एवढ्या लांब येणार नाही.

वाडी आडवी होते म्हणजे काय होतं, हेही नीट समजून घ्यायला हवं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून पहिलं पीक हाती यायला पाच-सहा वर्षं जातात आणि भरात यायला आणखी काही. बाणवली माडालाही साधारण तेवढाच काळ लागतो, पण एकदा धरला की तो दोन-तीन पिढ्यांना पुरतो. पोफळी पडल्या की त्यांच्या आधाराने वाढलेली मिरी जमिनीवर येते, आणि सावलीतच जगणारी जायफळं उन्हाने करपतात. म्हणजे जी झाडं वादळाने पाडली नाहीत तीही पुढच्या दोन उन्हाळ्यांत जाऊ शकतात. शिवाय वाड्या म्हणजे घराच्या मागे लांबवर गेलेले चिंचोळे पट्टे. त्यात जेसीबी शिरत नाही. गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, फोडावा लागतो, किंवा माणसं लावून खोडं तोडून एकेक बाहेर काढावी लागतात. ही सफाई लागवडीच्या आधीची, आणि तिच्यातच घरातली शिल्लक संपते.

म्हणून दहा वर्षं लागतात हे लागवड मागे ठेवायचं कारण होऊ शकत नाही. ती पहिल्याच पावसाळ्यात सुरू करावी लागते, नाहीतर दहाची बारा होतात. राज्यात रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना १९९० पासून आहे. याच योजनेतून कोकणात हजारो एकर आंबा-काजू उभा राहिला. वादळग्रस्त गावात सफाई, खड्डे, रोपं आणि पहिली तीन वर्षं शिंपणं ही कामं अशा योजनेतून निघाली तर वाडी असलेल्याला झाड मिळतं आणि वाडी नसलेल्याला त्याच गावात मजुरी मिळते. एका खर्चात दोन घरं सावरतात. पर्यटनाला पुढे लागणारी सावलीही इथूनच येते.

आणि तो ‘एक हंगाम’ नेमका कुठला? निसर्ग वादळ आलं तेव्हा टाळेबंदी होती. गावोगाव विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वस्त्यांनी महिना-महिना अंधारात काढला. कौलं, पत्रे उडाल्यावर ताडपत्रीखाली पावसाळा गेला. निसर्ग आणि तौक्ते, दोन्ही वादळं पावसाच्या तोंडावर आली. त्यानंतरचे चार महिने किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ जवळजवळ थांबलेलीच असते. भूक मात्र त्याच चार महिन्यांत लागते.

‘भरपाईची भीक नको’

भरपाई भीक नाही, हक्क आहे. एवढं म्हणून मी आकड्यांकडे जातो. निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. वाढ मोठी दिसते. पण साधारण पावणेतीन मीटर अंतराने लावलेल्या पोफळी हेक्टरी तेराशेच्या आसपास बसतात, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेही पडत नाहीत. लोकांनी आवाज उठवल्यावर झाडाप्रमाणे दर ठरले, सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. एक माड वर्षाला किती नारळ देतो याचा हिशेब कोकणातलं शाळकरी पोरही सांगेल. भरपाई गरजेपेक्षा कमी होती, हा खरा प्रश्न आहे. ती नकोच म्हणणारा संदेश या प्रश्नावर पांघरूण घालतो.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. कोकणातली जमीन बहुतेक सामायिक आहे. एका उताऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद राहिलेली. वाडी राखणारा एकटा, आणि पैसे काढायला संमतीपत्रं सगळ्यांची. जो कुळाच्या नात्याने किंवा तोंडी बोलीवर वाडी कसतो त्याचं नाव तर पुष्कळदा कुठेच नसतं. माडावर चढून नारळ काढणाऱ्याला झाडामागे पैसे मिळायचे. झाड गेलं, काम गेलं, आणि नुकसानीच्या पंचनाम्यात तो कुठे बसत नाही. हंगामात सुपारी सोलून घराला हातभार लावणाऱ्या बायकांचंही तसंच. मदत वाढवा, ती कसणाऱ्यापर्यंत आणि राबणाऱ्यापर्यंत न्या, ही मागणी लावून धरायला शहरातल्या माणसाचा आवाज खूप उपयोगी पडतो. तोच आवाज ‘मदत नको’ म्हणण्यात खर्च झाला तर गावाचं नुकसान होतं.

‘पैसा थेट गावात जातो’

गावात जातो, हे खरं. गावातल्या कोणत्या घरात जातो, हा पुढचा प्रश्न आहे. समुद्राजवळ ज्यांची वाडी आणि मोठं घर, त्यांच्याकडे पाहुणे उतरतात. गावाच्या टोकाच्या बौद्धवाडीत, डोंगराकडच्या कुणबीवाडीत, दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या कातकरीवाडीत कुणी उतरत नाही. तिथली माणसं खोल्या झाडतात, भांडी घासतात, नळ बिघडला की धावतात, आणि हे काम आठवड्यात दोन दिवस, वर्षात सात-आठ महिने. कोळीवाड्यातली मासळी ताटात येते, पण शनिवारी पाहुण्यांची गर्दी असली आणि जवळ मासळी कमी पडली की ती बाहेरून बर्फात येते. तांदूळ, भाजी, कोंबडी तालुक्याच्या बाजारातून, बाजारात वाशी किंवा कोल्हापूरहून. पाहुण्याने दिलेल्या रकमेतला मोठा हिस्सा रात्रीतून गावाबाहेर गेलेला असतो.

हे बदलता येतं. केरळमध्ये कुमारकोमला २००८ पासून हा प्रयत्न झाला. हॉटेलांनी भाजी, अंडी, मासे स्थानिक कुटुंबांकडून घ्यायचे, कुटुंबश्री या तिथल्या सरकारी योजनेच्या महिला गटांनी माल गोळा करून पुरवायचा, भाव आधी ठरवायचा, अशी घडी पंचायत, हॉटेलवाले आणि गट यांनी मिळून बसवली. ती बसायला वेळ लागला, सुरुवातीला पुरवठा कमी पडला, हॉटेलांनी कुरकुर केली. पण पडीक शेत पुन्हा लागवडीखाली आलं. पुढे २०१७मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र मिशन उभं केलं. दिवेआगर किंवा हर्णैच्या बचतगटांना हे जमणार नाही असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. मात्र त्यासाठी कुणीतरी खरेदीचा नियम करावा लागतो, तो पाळला जातोय का हे बघावं लागतं. ‘आपोआप’ हा त्या संदेशातला सगळ्यात चुकीचा शब्द आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, ते गावकऱ्यांच्या साध्या घरांत उतरू लागले, पडवीत झोपू लागले, घरात शिजलं ते जेवू लागले. रिसॉर्ट बांधावं लागलं नाही. अंडी चोरणं थांबलं, कारण जिवंत कासवाने गावाला चार पैसे मिळू लागले. हे उभं राहिलं ते वादळाच्या कितीतरी आधीपासूनच्या कामावर, म्हणूनच त्याला मुळं आहेत. आणि हा हंगाम मोजक्या आठवड्यांचा असतो. वेळासचा माणूस वर्षभर कासवांवर जगत नाही. त्याला शेती आहे, आंबा-काजू आहे, मुंबईहून येणारा पैसा आहे. पर्यटन त्या सगळ्याला जोड म्हणून आहे, आणि जोड म्हणूनच ते टिकलं आहे.

‘ज्यांचं सगळं गेलं त्यांनी दोन खोल्या काढाव्यात’

ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला पाहुण्यासाठी संडास-बाथरूमसह खोली बांधायला सांगणं, तेही कर्ज काढून, हा सल्ला देताना आपण क्षणभर थांबावं. बँक तारण मागते, तारणाला पुन्हा तोच सामायिक सातबारा. राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरणही शेतकऱ्याकडे किमान एक एकर जमीन गृहीत धरतं. भूमिहीन त्यातून पहिल्याच पायरीवर गळतो. आणि समजा गावातल्या प्रत्येक घराने दोन खोल्या काढल्याच, तर शनिवारी जेवढे पाहुणे येतात तेवढेच सगळ्यांत वाटले जातात, दर पडतात, हप्ते मात्र तेवढेच राहतात.

‘मोठे रिसॉर्ट आले तर उत्तमच’

इथे दोन देशी-परदेशी अनुभव समोर ठेवतो. २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंका सरकारने किनाऱ्यापासून काही अंतरात, दक्षिणेकडे शंभर आणि पूर्वेकडे दोनशे मीटरपर्यंत, घरं बांधायला मनाई केली. कारण सुरक्षेचं दिलं. पण हॉटेलांना त्यातून सवलत होती. ज्या वाळूवर पिढ्यानपिढ्या होड्या ओढल्या त्या वाळूवर मच्छीमाराला परत जाता येईना आणि हॉटेल मात्र उभं राहू शकत होतं. लोकांचा रोष इतका वाढला की नियम सैल करावे लागले. मोकळी झालेली किनारपट्टी कुणाच्या तरी घराची जागा असते. आपल्याकडेही वाडी साफ करायला पैसे नसलेला माणूस दलालासमोर सगळ्यात दुबळा असतो. वादळानंतरची दोन वर्षं विक्रीचे व्यवहार ग्रामसभेसमोर यावेत, एवढी मागणी तरी आपण करू शकतो. एकदा जमीन गेली की तिथे येणारा रोजगार म्हणजे स्वतःच्याच जुन्या अंगणात रखवालदारी.

कच्छचा अनुभव आशा देणारा आहे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर बन्नी या कच्छच्या गवताळ भागातल्या होडका गावात केंद्रीय पर्यटन मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या ग्रामीण पर्यटन प्रकल्पातून ‘शाम-ए-सरहद’ हे मुक्कामाचं ठिकाण उभं राहिलं. मालकी आणि कारभार गावाच्या समितीकडे. ‘भुंगा’ म्हणतात ती मातीची गोल घरं गावातल्याच हातांनी बांधली, आतलं लिपणकाम गावातल्या बायकांनी केलं, भरतकाम आणि चामड्याच्या वस्तू कारागीर स्वतः विकतात. जवळच धोरडोला रण उत्सवाचं मोठं तंबूंचं शहर वसतं. तिथे गर्दी कितीतरी पट जास्त असते, आणि तिनेही आसपासच्या कारागिरांना गिऱ्हाईक दिलं. पण होडक्यात हिशेबाची वही गावात राहते, आणि नफ्याचं काय करायचं हे गाव बसून ठरवतं. भूकंपानंतर घर बांधायचं कौशल्य आणि पर्यटन एकाच कामातून उभं करता येतं, हे होडक्याने दाखवलं. कोकणात चिऱ्याचं बांधकाम, कौलारू छप्पर, गडग्याची रचाई जाणणारे हात अजून आहेत. वादळाला टिकेल असं छप्पर कसं बांधायचं याचं प्रशिक्षण त्यांना दिलं तर पहिली घरं त्यांच्या वस्तीची व्हावीत, पाहुण्यांच्या खोल्या त्यानंतर.

आता ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी. जरूर जा, पण वादळानंतर लगेच कॅमेरा घेऊन नाही. वीज-पाणी सुरू झाल्यावर, आणि शक्यतो मधल्या वारी. खोली ठरवताना विचारा की स्वयंपाकाला कोण येतं, त्यांना दिवसाचे किती मिळतात, मासळी कुणाकडून घेता. सुरुवातीला मालकाला हे प्रश्न अवघड वाटतील, पण दहा पाहुण्यांनी विचारले की तो उत्तर तयार ठेवेल आणि अकराव्याला आपणहून सांगेल. सुपारी, कोकम, कुळीथ, पापड बचतगटाकडून घ्या, घासाघीस न करता. पाहुणे नसलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच गटाकडून माल मागवा, टपालाने येतो. आणि तो संदेश पुन्हा तुमच्याकडे आला तर पुढे पाठवण्याआधी त्यात एवढं जोडा की त्या तालुक्यातल्या किती पंचनाम्यांचे पैसे अजून जमा व्हायचे आहेत. ही माहिती तहसील कार्यालयात माहिती अधिकारात मागता येते.